न तुटणारा सूर

डहाणू-तलासरीकडे भात हाती येऊ लागलं की रात्री पाड्यावरून तारपा या फुंकवाद्याचा आवाज येतो. लांबून वाटतं, दोघं-तिघं मिळून वाजवताहेत. जवळ जावं तर एकच तारपकरी!

वाद्याचं सामान सगळं आसपासचंच. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. नळीला बांबूचीच तासलेली पातळ जीभ असते. फुंकरीने ती थरथरते, बोटं नळीवरच्या भोकांवर फिरतात आणि सूर उमटतात. नळ्या दोन, म्हणून एका माणसाचे दोन वाटतात.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते तारपकऱ्याच्या गालांचं. शेकोटीच्या उजेडात नीट बघावं. गाल टम्म फुगतात, मग हळूच आत जातात, आणि नेमक्या त्याच क्षणी तो नाकाने श्वास ओढून घेतो. छातीतली हवा संपत आली की गालांत साठवलेली हवा नळ्यांत रेटायची, तेवढ्यात छाती पुन्हा भरून घ्यायची. त्यामुळे सूर तुटतच नाही. पेलाभर पाण्यात नळी घालून बुडबुडे काढा, आणि ते थांबू न देता नाकाने श्वास घ्या. हे किती अवघड आहे ते लगेच कळेल. तारपकरी हेच करत रात्र जागवतो, तेही चालत, झुकत, नाचणाऱ्यांना फिरवत.

त्याच्या धुनेला चाळा म्हणतात. देवाचा चाळा, नवरीचा चाळा, बायांचा चाळा. चाळा कशाचा, हे नावातच सांगितलेलं असतं. चाळा बदलला की पावलं बदलतात. एकमेकांना हातांनी गुंफून घेतलेला घेर वळतो, फिरतो, पण तारप्याकडे पाठ करत नाही.

असा न तुटणारा सूर दूर देशीही भेटतो. हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक मेणाच्या नळकांड्यांवर खेडुतांची गाणी टिपत गावोगाव फिरले. १९१५ साली त्यांनी पियानोसाठी एक सोनाटिना लिहिली. तिच्या पहिल्या भागाचं नाव 'मशकवाले'. कातडी पिशवीत हवा भरून अखंड सूर धरणाऱ्या वादकांच्या धुना त्यांनी पियानोवर आणल्या. तिकडे पिशवी, इकडे भोपळा आणि गाल.

आपल्याकडे तारपा चित्रात उतरला. तलासरीतल्या धामणगावात जन्मलेले, डहाणूतल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर आयुष्य घालवलेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री २०११) तांदळाच्या पांढऱ्या रंगाने नाचाचं वेटोळं काढत. इवली त्रिकोणी माणसं, हातात हात. त्यांचं असं एखादं चित्र समोर आलं तर वेटोळ्याच्या बाहेरच्या टोकावर बोट ठेवा आणि माणसामाणसावरून आत आत न्या. शेवटी ते वाकलेल्या तारपकऱ्यापाशी येऊन थांबतं.