सीट कव्हरखाली गेलेलं बक्कल

गाडीची मागची सीट उचलली की खाली काय काय निघतं! शेंगांची टरफलं, नाणी, केसांच्या पिना, लहान मुलाचा एकच मोजा, टोलच्या फिकट झालेल्या पावत्या. आणि धुळीत आडवी पडलेली सीटबेल्टची बक्कलं, कंपनीतून आली तशी कोरी. लाल बटणावर बोटाचा डागही नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कुशनवाल्याच्या गाळ्यात हे दृश्य मी बघत होतो. मालकाला सगळे मामा म्हणतात. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि दाराशी उघड्या दारांची गाडी. मोटारीतला सुरक्षेचा पट्टा नेमका कुठे हरवतो, हे समजून घ्यायला पोलीस चौकीपेक्षा हा गाळा बरा, असं माझं मत झालं आहे.

लहान गाडीची मागची सीट बहुधा पुढून दोन क्लिपांवर बसवलेली असते. कडेला हात घालून हिसका दिला की ती वर येते. जुनं कव्हर उतरतं, फोम उघडा पडतो. नवं कव्हर उशीच्या अभ्र्यासारखं चढवायचं, कोपरे बरोबर बसवायचे, खालून इलॅस्टिक ताणून हुकांत अडकवायचं. मग सीट पुन्हा जागेवर दाबायची. बक्कलाचं भवितव्य ठरतं ते इथे. बक्कलाचा दांडा खाली गाडीच्या पत्र्याला जाड बोल्टने धरलेला असतो. सीट खाली जाताना मागच्या फटीतून ती बक्कलं बोटांनी वर ओढून घ्यावी लागतात. काही सेकंदांचं काम. ते केलं नाही, तर सीट त्यांच्यावर बसते आणि गाडी विकेपर्यंत ती पुन्हा कुणाला दिसत नाहीत.

‘‘विसरत न्हाई हो कुणी,’’ मामा म्हणाले. ‘‘विचारलं की गिऱ्हाईकच सांगतंय, आत घाला म्हणून. टोचतंय म्हणतात. मागं घरातली माणसं बसतात, तिघांच्या जागी चौघं. जोतिबाला जायचं, वाडीला जायचं, अमावस्येला आदमापूर. मग लॉक कुणाच्या तरी मांडीखाली येतंयच की.’’

हे खरंच आहे. पाच जणांच्या गाडीत सात जण बसवण्यात आपल्याला कसलाही संकोच वाटत नाही. उलट कुणाला घरी ठेवून निघालो तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. साडी चुरगळते, पट्टा गळ्याला घासतो, पोटावर दाब येतो, या तक्रारीही खोट्या नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याच पट्टा चुकीचा लावल्यामुळे येतात. कमरेचा भाग पोटावर न घेता खाली, कंबरेच्या हाडांवर बसवायचा असतो. गरोदर बाईने तर तो पोटाच्या खालूनच घ्यायचा. वरचा भाग खांद्याच्या मधून छातीवर तिरका यायला हवा. काखेतून घेतलेला पट्टा जवळजवळ निरुपयोगी असतो. ही माहिती शोरूममध्ये गाडीची चावी हातात देताना कुणी सांगितल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पेढे देतात, फोटो काढतात, चावीची भलीमोठी प्रतिकृती हातात देतात.

कायदा मात्र स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 138 (3) चालकाइतकाच मागे पुढच्या दिशेला तोंड करून बसलेल्या प्रवाशालाही लागू आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 ब खाली पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड होतो, आणि 14 वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांसाठीची खास सीट वापरायला लावणं ही जबाबदारी चालकाची ठरते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात पट्टा न लावता मेलेल्यांची संख्या 16,715 आहे. त्यांत चालक 8,384 आणि प्रवासी 8,331. म्हणजे मेलेल्यांतला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस स्टिअरिंगवर नव्हता.

त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्याआधी 2014 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले असताना अपघातात गेले. तेही मागच्या सीटवर होते. या दोन्ही वेळी महाराष्ट्रात चहाच्या टपरीपर्यंत मागच्या पट्ट्याची चर्चा पोचली. सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांना पट्ट्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा चार दिवस मामांच्या गाळ्यात वेगळ्याच गाड्या येऊ लागल्या. कव्हर नको, फक्त सीट उचलून लॉक वर काढून द्या. ‘‘मग थंड पडलं सगळं,’’ मामा म्हणाले.

मधल्या काळात बाजारात एक छोटी धातूची क्लिप येऊन गेली. बक्कलात ती खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, आणि पुढच्या सीटचा पीं-पीं आवाज बंद होतो. जुलै 2019 नंतरच्या गाड्यांत हा इशारा सक्तीचा झाला, आणि त्याला गप्प करणारी क्लिप स्वस्तात मिळू लागली. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली. काही ठिकाणी ती बाटलीचं झाकण उघडायचं साधन म्हणून विकली जात होती. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी तर हा उद्योग मुळीच करू नये. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि पट्टा लावलेला माणूस योग्य अंतरावर आहे असं धरून फुगते. पट्टा नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला गेलेला असतो, आणि फुगणारी पिशवीच त्याच्या तोंडावर आदळते. पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू असेल, तर पुढचं सांगायला नको.

मामांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट अशी की ते आता विचारत नाहीत. पूर्वी सीट बसवताना ‘लॉक बाहेर ठेवू का?’ म्हणून विचारायचे. उत्तर ठरलेलं: ‘नको, राहू दे.’ आता सगळी बक्कलं वर काढूनच सीट दाबतात. कुणी मुद्दाम ‘आत घाला’ म्हटलं तर घालतात, धंदा आहे. पण आपणहून तसं सांगणारे फार थोडे निघतात. बक्कल दिसत असेल तर ते लपवायला लावायलाही माणसाला थोडी लाज वाटते, हे मामांनी बरोबर हेरलं आहे. जनजागृतीच्या फलकांवर खर्च करणाऱ्यांनी या गाळ्यात येऊन तासभर बसायला हरकत नाही.

पुढची युक्ती याहून बेरकी. गाडी ताब्यात देताना ते मालकाला मागे बसवतात, ‘शिलाई बघा’ म्हणून. मग पट्टा ओढायला लावतात. ‘‘हळू ओढा. आला न्हवं? आता हिसका द्या.’’ हिसका दिला की पट्टा जागच्या जागी अडतो. पुष्कळांना वाटतं, जाम झाला. मामा सांगतात, हेच त्याचं काम. आतल्या गुंडाळीत अचानक लागलेला वेग किंवा गाडीला बसलेला झटका ओळखणारी कळ असते. ती दाते अडकवते आणि पट्टा पुढे सरकू देत नाही. तीन ठिकाणी बांधलेला हा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर मोटार कंपन्यांना खुलं ठेवलं. मामांना बोलिन ठाऊक नाही. पण ताशी 50 किलोमीटरने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं, हा हिशेब त्यांना पाठ आहे, आणि मागे बसलेला माणूस तेवढ्याच जोराने पुढच्याच्या पाठीवर जाऊन आपटतो, हेही ते न चुकता सांगतात. पुढे बसलेल्याने पट्टा लावला असला तरी.

एक गोष्ट आणखी. ज्या गाड्यांत पुढच्या सीटच्या कडेतून एअरबॅग फुगते, तिथे मामा त्या बाजूची शिवण कच्च्या दोऱ्याने घालतात, म्हणजे पिशवी फुगताना ती फाटते. पक्की शिवण मारलेलं तयार कव्हर असलं की एअरबॅग आतच अडकू शकते. कव्हर दिसायला देखणं असतं. हा फरक बाहेरून कळत नाही, विचारावाच लागतो.

तेव्हा पुढच्या प्रवासाआधी आपल्या गाडीची मागची सीट एकदा चाचपून बघा. बक्कलं हाताला लागली नाहीत, तर जवळच्या कुशनवाल्याकडे जा आणि वर काढून घ्या. मामा त्याचे पैसे घेत नाहीत. दुसऱ्या कुणी घेतलेच, तर दंडापेक्षा ते कमीच असतील.