जोडीदार दिसेनासा झाल्यावर

वीज केंद्रात एखाद्या बंद टाकीत किंवा डक्टमध्ये माणूस कामाला उतरतो, तेव्हा दुसरा माणूस मॅनहोलच्या तोंडाशी उभा असतो. आतल्याशी बोलत राहायचे, एवढेच त्याचे काम. आणि त्याला आधीच बजावलेले असते की आतून उत्तर यायचे थांबले तर आत शिरायचे नाही. आधी आवाज द्यायचा, कंट्रोल रूमला कळवायचे, माणसे आणि साहित्य येईपर्यंत जागा सोडायची नाही. आमच्या दीपनगर कॉलनीत ज्यांच्या घरात कुणी केंद्रात कामाला आहे, त्यांना ही शिस्त सांगावी लागत नाही.

पण आमच्याच कॉलनीतली पोरे शनिवारी भुसावळहून गाडी पकडून इगतपुरी-कसारा गाठतात, कड्यांवर जातात, तेव्हा हीच शिस्त सोबत नेत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कड्यावर दोघे असतात, एक खाली जातो आणि त्याचा आवाज बंद होतो. तिथून पुढच्या दहा मिनिटांत वरचा माणूस काय करतो, त्यावर एक जीव जातो की दोन, हे पुष्कळदा ठरते.

कड्यावरून उडी म्हणजे काय

विमानातून उडी मारणे आणि कड्यावरून उडी मारणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर पॅराशूट उडी मारली, ती हेलिकॉप्टरमधून. अशा उडीत खाली मोकळी हवा असते, पाठीवर दुसरे राखीव पॅराशूट असते. कड्यावरून मारायच्या उडीला ‘बेस जंपिंग’ म्हणतात. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार जागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अमेरिकेतल्या योसेमिटीमधील एल कॅपिटन या कड्यावरून कार्ल बोएनिश आणि सोबत्यांनी १९७८ मध्ये उड्या मारून त्यांचे चित्रीकरण केले, तिथून हा खेळ नावारूपाला आला. बोएनिश १९८४ मध्ये नॉर्वेत अशाच उडीत गेले.

या खेळात पॅराशूट एकच. ते उघडले नाही तर दुसरे उघडायला वेळच नसतो, कारण दीड हजार फूट खाली यायला माणसाला दहा-बारा सेकंद पुरतात. शिवाय पॅराशूट उघडताना कधी त्याचे तोंड कड्याकडे वळते आणि माणूस मागे फिरून कातळावर आदळतो. भारतातही अशी मोठी उडी झाली आहे. ग्लेन सिंगलमन आणि हीदर स्वान या ऑस्ट्रेलियन नवरा-बायकोने २३ मे २००६ रोजी गढवालमधल्या मेरू शिखरावरून, ६,६०४ मीटर उंचीवरून, पंखांचा सूट घालून झेप घेतली होती.

आपल्याकडे कड्यावरून पॅराशूट घेऊन उडणारे विरळच. दोर लावून उतरणारे, म्हणजे रॅपलिंग करणारे, मात्र हजारोंनी आहेत. साधने वेगळी असली तरी पेच तोच राहतो. एकजण माथ्यावर, दुसरा कुठेतरी खाली, आणि मध्ये सरळ तुटलेला कातळ.

कड्याचे दोन जिल्हे

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. गडाची उंची १,४२४ मीटर. माथ्यावर जायला आपण बहुतेक पाचनईकडून चढतो. ते गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. कड्यावरून घसरलेला माणूस मात्र पडतो बेलपाड्याच्या बाजूला, मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. वरच्या माणसाचे पोलीस ठाणे वेगळे, खालच्याचे वेगळे. पाचनईत उभ्या केलेल्या गाडीने बेलपाड्याला जायचे म्हटले तर घाटाचा लांब वळसा पडतो. पायी उतरायचे म्हटले तर नळीची वाट. ती दिवसाउजेडीही हात-पाय टेकवत उतरायची वाट आहे, अंधारात तिचा विचारही करू नये.

हा कडा आतल्या बाजूला गोलाकार खचलेला, नागाच्या फण्यासारखा आहे. धारेवर पालथे पडून पाहिले तरी थेट पायथा दिसत नाही. हाळी दिली तर ती घुमते आणि उत्तर नेमके कोणत्या बाजूने आले ते कळत नाही. कर्नल साइक्सने १८३५ मध्ये इथे पाहिलेले इंद्रवज्र, म्हणजे खालच्या धुक्यावर उमटणारे गोल इंद्रधनुष्य, बघायला लोक पहाटे धारेवर गर्दी करतात. ते धुके डोळ्यांना सुख देते. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला तुमचा मित्र असेल, तर त्याच धुक्यात तो तुमच्यासाठी नाहीसा होतो.

म्हणून वेगळे पडणे म्हणजे नुसते अंतर पडणे नव्हे. दोघांकडे असलेली माहिती वेगळी होते. खालच्याला कळते की दोर कुठे अडकला, आपला पाय मोडला की नाही. वरच्याला यातले काही कळत नाही, पण फोनची रेंज, गावाची वाट, उरलेली माणसे त्याच्याकडे असतात. दोघांनीही आपल्याकडे काय आहे ते ओळखून ते सांभाळायला हवे.

दोन शनिवार

१६ मे २०१५, शनिवार. योसेमिटीतल्या टॅफ्ट पॉइंटवरून डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट या दोघांनी संध्याकाळी पंखांचे सूट घालून पाठोपाठ उड्या घेतल्या. कड्यावर त्यांची एक सोबतीण थांबली होती. त्यांना समोरच्या धारेतल्या एका खाचेतून पलीकडे जायचे होते. ते दिसेनासे झाले. तिने पुन्हा पुन्हा साद घातली, उत्तर आले नाही. रात्री शोध सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरला दोघांचे मृतदेह दिसले. पॅराशूट उघडलेले नव्हते. योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात अशा उड्यांना बंदी आहे, म्हणून असे उडणारे बहुधा तिन्हीसांजेची, कमी उजेडाची वेळ निवडतात. मला यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जिथे काम लपूनछपून होते, तिथे शोधाची वेळही रात्रीच्या तोंडाशी येऊन ठेपते.

१८ जानेवारी २०२०, हाही शनिवार. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत कोकणकड्यावरच्या मोहिमेत होते. सांदण दरी भटक्यांच्या नकाशावर आणणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतात, ते हेच सावंत. सह्याद्रीतल्या कड्यांवर आयुष्य घालवलेला हा माणूस त्या दिवशी कड्यावरून खाली गेला. मृतदेह सापडायला रविवार उजाडला. सोबत मोठा चमू होता, बहुतेकांना दोराचे काम येत होते. तरीही माणूस खाली गेल्यावर तो नेमका कुठे आहे हे कळायला रात्र उलटावी लागली. कड्याची उंची आकड्यांत वाचताना ही गोष्ट ध्यानात येत नाही.

त्याच कड्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरताना वेळ टळल्याने सुमारे २० जण मध्येच अडकले होते. अंधार पडल्यावर त्यांनी पुढे सरकणे थांबवले, रात्र कड्यावरच काढली, आणि दुसऱ्या दिवशी बचाव पथके व गावकऱ्यांच्या मदतीने सुटले. उशीर ही त्यांची चूक होती, पण थांबणे हा निर्णय बरोबर होता.

मागोमाग जायची ओढ

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत पडले. ते काढायला एकजण उतरला आणि गुदमरला. त्याला काढायला दुसरा गेला, त्याच्यामागे तिसरा. सहाजण उतरले, पाच गेले. शेवटचा कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून वाचला.

ही कड्याची घटना नाही, तरी मी ती इथे मुद्दाम मांडतो आहे. कोंदट जागांतल्या मृत्यूंचा अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये आढावा घेतला, तेव्हा मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली होती. वाकडीतली माणसे बेपर्वा नव्हती. त्यांचे त्या माणसावर प्रेम होते, आणि प्रेम पाय ओढून नेते. कड्यावरही तेच होते. दोर ढिला पडला, हाळीला उत्तर नाही, की वरच्याचे पाय आपसूक धारेकडे निघतात.

माझेही निघाले होते. तोरणमाळला पावसाळ्यात सीताखाईच्या बाजूला आम्ही दोघे फिरत होतो. ढग आला, मित्र पंधरा पावलांवर होता तो दिसेना. मी हाका मारत सरळ त्याच्या दिशेने चालू लागलो. चपचपीत गवत पायाखाली होते तोवर ठीक. मग गवत संपले आणि बुटाच्या पुढच्या टोकाखाली काहीच लागेना. मी तसाच मागे बसलो. मित्र माझ्या डावीकडे, दगडाला टेकून, ढग सरायची वाट बघत होता. तो हलला नव्हता. हललो होतो मी.

वरच्याने काय ठरवायचे

पॅराशूट घेऊन आलेल्या जोडीत वरच्याचा पेच सर्वांत अवघड असतो. जोडीदाराने उडी मारली, ‘उतरलो’ हा निरोप आला नाही. पायी खाली जायला पाच-सहा तास, उडी मारून गेले तर एक मिनिट. मन म्हणते, मार उडी, तो जखमी असेल. हा हिशेब चुकीचा आहे, आणि का ते नीट समजून घेतले पाहिजे. ज्या वाऱ्याने किंवा ज्या चुकीने पहिला अडचणीत आला, ती हवा अजून तिथेच आहे. घाबरलेल्या माणसाचा हात पॅराशूटच्या दोरीवर एक सेकंद उशिरा जातो. आणि मुख्य म्हणजे वरचा उडाला की दोघेही खाली आहेत हे जगात कुणालाच ठाऊक राहत नाही. म्हणून नियम असा हवा की खालून निरोप आल्याशिवाय दुसरी उडी नाही. हे आदल्या रात्री, जेवताना, शांतपणे ठरवायचे. कड्यावर उभे राहून ठरवले तर ओढच जिंकते.

दोरावरही हेच लागू. खालच्याचा आवाज थांबला तर आधी आपण स्वतः अँकरला बांधलेले आहोत ना, ते पाहायचे. मग घड्याळ. वेळ कागदावर लिहायची, कारण तासाभराने कुणालाच ती नीट आठवत नाही. शेवटचा आवाज कुठून आला, दोरावर वजन आहे की नाही, हे लिहायचे. दोरावर वजन असेल आणि उत्तर नसेल, तर माणूस हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला असू शकतो. तसा निश्चल लटकलेला माणूस थोड्या मिनिटांतही दगावू शकतो. अशा वेळी दुसऱ्या, स्वतंत्र अँकरवरून दुसऱ्या दोराने, शिकलेल्या माणसाने खाली जाणे योग्यच. ज्या दोरावर तो लटकला आहे, त्याच दोराला हात घालून उतरणे मात्र कधीही नको. दुसरा दोर नाही, शिकलेला माणूस नाही, तर वरच्याने मदत बोलवायची आणि धारेवरून त्याच्याशी बोलत राहायचे. बेशुद्ध वाटणाऱ्यालाही कधी ऐकू येत असते.

खालच्याने काय करायचे

शुद्धीवर असाल तर जागा सोडू नका, एवढेच खरे महत्त्वाचे. वरचा तुम्हाला शेवटच्या ठिकाणाहून शोधणार आहे. चालता येत असले तरी नाळेत उतरून ‘गाव जवळच असेल’ म्हणत निघालेली माणसे शोधकांना फार उशिरा सापडतात. अपवाद दोनच: वरून दगड येत असतील तर आडोशाला सरकायचे, आणि ओढ्याच्या पात्रात असाल तर पावसाआधी बाहेर पडायचे.

शिट्टी हवीच. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. संकटाची जगभर मानलेली खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तराची खूण मिनिटाला तीन. रात्री हेच टॉर्चने. ते शांत मिनिट कंटाळून गाळू नका, कारण त्याच मिनिटात तुम्हाला उत्तर ऐकू येणार असते.

निरोप कुणाला, काय

परदेशी गिर्यारोहक उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे घेऊन फिरतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तशी यंत्रे बाळगता येत नाहीत, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये. सातपुड्यात मनुदेवीच्या पलीकडे असो की सह्याद्रीत नाळेच्या तळाशी, फोन पुष्कळदा नुसता खेळणे होऊन बसतो. म्हणून निरोप्या माणूसच हवा. तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये असे जुने भटके म्हणतात त्याचे कारण हेच: एक जखमी, एक त्याच्याशी बोलणारा, एक निरोप नेणारा.

रेंज मिळाली की ११२. आणि महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी उभे केलेले महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, ते जवळच्या पथकाला हलवते. त्याचा क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये ठेवा आणि एका कागदावरही लिहा. फोनवर रडारड नको. कडा कोणता, माथ्यावरचे गाव कोणते आणि पायथ्याचे कोणते, माणूस कुठल्या बाजूला पडला, किती वाजता, किती जण आहेत, दोर किती फूट उरला आहे, अंधार पडायला किती वेळ आहे. दोन्ही गावांची नावे सांगितली की दोन्ही जिल्ह्यांतून माणसे हलतात.

पायथ्याच्या गावातल्या एका घरी आधीच सांगून ठेवायची सवय मला आवडते. आम्ही चौघे, दोर निळा, दुपारी चारपर्यंत खाली उतरून तुमच्याकडे चहाला येतो. सहापर्यंत आलो नाही तर या नंबरवर फोन करा. शेजारच्या पोराने गेल्या हिवाळ्यात बेलपाड्यात एका आजींना असे सांगितले. ही मंडळी साडेचारला पोहोचली, तर आजी दारात उभ्या होत्या, हातात तो कागद होता, आणि त्यांच्या नातवाने फोनवर नंबर आधीच लावून ठेवला होता.