घटस्फोटोत्तर अपत्यताब्याच्या आदेशातील फेरबदल : कायदा, न्यायनिर्णय आणि बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते. आई-वडील आणि अपत्य यांचे नाते मात्र संपत नाही. हुकूमनाम्याच्या दिवशी तीन वर्षांचे असलेले मूल पुढे शाळेत जाते, दहावीला बसते. दरम्यान आई-वडिलांपैकी कोणाची बदली होते, कोणी पुनर्विवाह करते, कोणी आजारी पडते. अशा वेळी जुना आदेश मुलाच्या नव्या आयुष्याला अपुरा ठरू लागतो. तरीही ‘कोर्टाने एकदा ताबा दिला, आता काही होत नाही’ हा समज समाजात दृढ आहे. त्याच्या उलट टोकाला ‘मूल पाच वर्षांचे झाले की ते आपोआप वडिलांकडे येते’ हाही समज आढळतो. हे दोन्ही समज कायद्याला धरून नाहीत.

कायद्याची चौकट

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार न्यायालयाला अज्ञान अपत्याचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी खटला चालू असताना, हुकूमनाम्यात आणि हुकूमनाम्यानंतरही आदेश देता येतात. आधीचा आदेश रद्द करण्याचा, स्थगित ठेवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. हा अधिनियम बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मधील कलम ३८ ची तरतूद याच स्वरूपाची आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० सर्व धर्मीयांसाठी असून त्याखालील अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. मुस्लिम कुटुंबांतील ताब्याचे वाद प्रामुख्याने याच अधिनियमाखाली चालतात.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे म्हटले आहे. पाच वर्षांनंतर तो वडिलांकडे जावा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. त्याच अधिनियमाचे कलम १३ अज्ञान मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष ठरवते.

न्यायनिर्णयांचा मागोवा

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ‘रोझी जेकब’ प्रकरणात ताब्याचे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात, हे तत्त्व मांडले. मुले ही आई-वडिलांची मालमत्ता नव्हेत, ही त्यामागील भूमिका होती.

‘धनवंती जोशी विरुद्ध माधव उंदे’ या प्रकरणाचा निकाल ४ नोव्हेंबर १९९७ रोजी लागला. वडील अमेरिकेत होते, तर मूल तान्हेपणापासून आईजवळ भारतात वाढले होते. खालच्या न्यायालयांनी वडिलांना दिलेला ताबा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. वडिलांची आर्थिक सुबत्ता किंवा परदेशातील शिक्षणाची संधी एवढ्यावरून वाढत्या मुलाला त्याच्या घरातून उचलता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. ताब्याचा आदेश बदलता येतो. परंतु परिस्थिती बदलली आहे आणि त्यामुळे ताबा बदलणे मुलाच्या हिताचे आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, हे सूत्र येथे स्पष्ट झाले.

संमतीने घटस्फोट घेतलेल्यांनाही हेच लागू होते. ‘विक्रम वीर व्होरा’ प्रकरणात (२०१०) आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली होती. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः संवाद साधून त्याला आईसोबत जाण्यास अनुमती दिली आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्थाही लावून दिली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. नीला गोखले यांनी मे २०२३ मध्ये ताब्याचे आदेश ताठर असू शकत नाहीत, असे प्रतिपादन केले. अर्ज कोणत्या अधिनियमाखाली केला, या तांत्रिक कारणावरून एका पित्याचा अर्ज फेटाळणारा कौटुंबिक न्यायालयाचा आदेश त्यांनी रद्द केला.

कोणता बदल ग्राह्य ठरतो?

मुलाकडे दुर्लक्ष वा मारहाण, ताबा असलेल्या पालकाचा गंभीर आजार वा व्यसनाधीनता, दूरचे स्थलांतर, शिक्षणात पडलेला खंड, समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची इच्छा ही बदलाची सबळ कारणे होऊ शकतात. केवळ अधिक मिळकत किंवा केवळ पुनर्विवाह हे पुरेसे कारण नव्हे. आईचा पुनर्विवाह एवढ्यावरून तिला ताबा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘लेखा’ प्रकरणात (२००६) सांगितले आहे. घटस्फोटाच्या वेळचे जुने आरोप पुन्हा उगाळून अर्ज सिद्ध होत नाही. आदेशानंतर मुलाच्या आयुष्यात काय बदलले, एवढाच न्यायालयापुढील प्रश्न असतो.

बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ

तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ताब्याइतकाच भेटीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मूल संग्रामपूरला आणि वडील नोकरीनिमित्त पुण्याला गेले, तर ‘दर रविवारी दोन तास भेट’ हा आदेश कागदावरच राहतो. अशा वेळी ताबा बदलण्याची गरज नसते. दिवाळी व उन्हाळी सुटीतील ठरावीक दिवस आणि आठवड्यातून व्हिडिओ कॉल, असा फेरबदल मागता येतो. प्रत्यक्ष भेट शक्य नसलेल्या पालकाला व्हिडिओ कॉलद्वारे मुलाशी बोलण्याचा हक्क असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘यशिता साहू’ प्रकरणात (२०२०) म्हटले आहे.

कलम २६ खालील अर्ज सामान्यतः ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथेच करावा लागतो. वरिष्ठ न्यायालयाकडे जाण्याची वेळ आल्यास जिल्ह्यातील प्रकरणे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. शाळेची हजेरी, गुणपत्रके, दवाखान्याचे कागद आणि प्रवासखर्चाच्या पावत्या हा अशा अर्जाचा खरा आधार असतो.

आदेश गैरसोयीचा वाटला म्हणून मुलाला परस्पर घेऊन जाणे किंवा भेट बंद करणे हा मार्ग मात्र घातक आहे. बदल होईपर्यंत जुना आदेश बंधनकारक असतो. त्याचा भंग करणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि त्याच्या पालक म्हणून असलेल्या योग्यतेविषयीही शंका निर्माण होते.

समारोप

ताब्याचा आदेश अंतिम नसतो, याचा अर्थ तो डळमळीत असतो असा नव्हे. मुलाला स्थैर्य हवे म्हणून आदेश सहजासहजी बदलत नाही आणि मूल वाढते म्हणून त्याला बदलाची वाट मोकळी ठेवलेली असते. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे बालपण अशा आदेशांच्या छायेत गेलेले असते. प्रवेश अर्जावरील ‘पालकाचे नाव’ हा रकानाही त्यांच्यासाठी सोपा नसतो. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व विधी साक्षरता कार्यक्रम यांतून हा विषय गावोगावी पोहोचविणे प्राध्यापकांना शक्य आहे. त्यातून एखाद्या आईने वा वडिलांनी मुलाला परस्पर घेऊन जाण्याऐवजी अर्जाचा मार्ग धरला, तरी त्या मुलाच्या वाट्याची मोठी फरफट टळेल.