भूमिगत वायुनलिका आणि चेन्नईची जमीन

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून अखेरच्या आठवड्यापर्यंतचा जो काळ तमिळ पंचांगात अग्निनक्षत्र म्हणून नोंदलेला असतो आणि बोलण्यात ज्याला 'कत्तिरि' म्हणतात, त्या काळात चेन्नईकरांचे सारे सुखदुःख दुपारी सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांच्या हाती असते. ते वेळेवर आले, तर पारा अडतीस अंशांच्या आसपास थबकतो. पश्चिमेच्या कोरड्या वाऱ्यांनी त्यांना किनाऱ्यावरच अडवून धरले, तर तो चाळिशी ओलांडतो, आणि ३१ मे २००३ रोजी नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत त्याने ४५ अंश सेल्सियसचा आकडा गाठला होता. अशा शहरात एखादा 'ग्राउंड', म्हणजे २४०० चौरस फूट, जमीन घेऊन जो गृहस्थ कंत्राटदारावर सर्वस्वी न विसंबता स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधावयास काढतो, त्याच्या मनात एक कल्पना कधी ना कधी डोकावतेच: पायखोदाईसाठी जेसीबी आलेलाच आहे, तर दोन-अडीच मीटर खोल एक लांब नळी पुरून ठेवावी, तिच्या एका तोंडाने बाहेरची हवा घ्यावी, आणि जमिनीच्या सहवासात निवालेली ती हवा दुसऱ्या तोंडाने घरात सोडावी. कल्पना उत्तम आहे आणि तिच्यामागील शास्त्रही निर्दोष आहे. परंतु चेन्नईची जमीन या नळीला थंडावा फारसा देऊ शकत नाही, ती देऊ शकते ती सोसवेल अशी ताजी हवा, आणि या दोहोंतील भेद खंदक खणण्यापूर्वी समजून घेणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

ही युक्ती जुनी आहे. इटलीत व्हिचेंत्साजवळच्या कोस्तोत्सा गावी डोंगरातील गुहांची थंड हवा भूमिगत मार्गांनी आपल्या हवेल्यांत खेळविण्याची तजवीज तेथील धनिकांनी सोळाव्या शतकात केली होती, आणि पाल्लादिओसारख्या थोर वास्तुविशारदाने १५७०च्या आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली. आपल्या देशात या पद्धतीचे सर्वांत नावाजलेले उदाहरण म्हणजे गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे 'टेरी' या संस्थेने २०००च्या सुमारास उभारलेले 'रिट्रीट' हे निवासी प्रशिक्षण केंद्र. तेथे ७० सेंटीमीटर व्यासाचे आणि प्रत्येकी ७० मीटर लांबीचे चार बोगदे जमिनीखाली चार मीटर खोलीवर घातलेले आहेत. पंखे त्यांतून हवा ढकलतात आणि सूर्याच्या उष्णतेने तापणारी धुराडी ती खोल्यांतून बाहेर ओढतात. उन्हाळ्यात ही हवा गार असते आणि हिवाळ्यात उबदार असते. मात्र पावसाळ्यातील दमट दिवसांसाठी तेथेही शीतकरण यंत्राची जोड द्यावी लागली, ही गोष्ट चेन्नईच्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. 'रिट्रीट'चे वर्णन वाचून भारावलेला माणूस त्यातले हे वाक्य बहुधा भरकन ओलांडतो.

जमिनीचे तापमान खोलीबरोबर कसे बदलते, याचे गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णताविषयक ग्रंथात मांडले, आणि त्याचा पडताळा घेण्यासाठी युरोपात ठिकठिकाणी तापमापके जमिनीत पुरण्यात आली. उष्ण कटिबंधातील पडताळ्याचा मान मात्र आपल्या दक्षिणेकडे जातो. त्रावणकोरच्या ज्या स्वातितिरुनाळ महाराजांना तंजावरच्या सुब्बराव या मराठी गृहस्थांनी शिकविले व जे सुब्बराव पुढे त्यांचे दिवाण झाले, त्याच महाराजांनी १८३७ साली त्रिवेंद्रमला वेधशाळा स्थापिली, आणि तिचे प्रमुख जॉन काल्डेकॉट यांनी १८४२ ते १८४५ या काळात तेथील भूमीच्या निरनिराळ्या खोलींवरील तापमानाची नोंद चिकाटीने ठेवली. एका संस्थानी वेधशाळेच्या दप्तरात आलेले हे आकडे एडिंबरोच्या विद्वत्सभेने छापले. आज चेन्नईत नळी पुरू पाहणाऱ्याला जे ज्ञान हवे आहे, त्याचा उगम इतका जवळचा आहे.

फूरिएचे गणित थोडक्यात असे की, पृष्ठभागावर उन्हाची जी भरती-ओहोटी होते ती जमिनीत शिरताना विरळ होत जाते आणि उशिराने पोहोचते. दिवस-रात्रीची लाट साधारण तेरा सेंटीमीटर खोलीवर निम्म्याहून कमी होते व अर्ध्या मीटरपर्यंत जवळजवळ नाहीशी होते. वर्षाची लाट तिच्यापेक्षा सुमारे एकोणीस पट खोल जाते, कारण हे प्रमाण ३६५च्या वर्गमुळाइतके असते. आता चेन्नईचे आकडे घेऊ. जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे २५ अंश आणि मेअखेरचे ३३ अंश, म्हणजे वार्षिक सरासरीच्या वर-खाली केवळ चार-चार अंशांची हालचाल. दिल्लीकडे ती याच्या दुपटीहून अधिक असते. मध्यम ओल असलेल्या मातीत दोन मीटरांवर ही हालचाल पावणेदोन-दोन अंशांपर्यंत उतरते, तीन मीटरांवर सव्वा अंशापर्यंत, आणि मेअखेरचा उष्मा दोन मीटर खाली पोहोचायला जुलैचा मध्य उजाडतो. तात्पर्य, चेन्नईत चार मीटर खोल जाण्याची काहीच गरज नाही. दोन मीटर पुरेत.

परंतु ज्या गोष्टीमुळे खोली कमी लागते, त्याच गोष्टीमुळे लाभही कमी होतो. जमीन शेवटी देते ती वर्षाची सरासरी, आणि चेन्नईची सरासरीच मुळी साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास आहे. त्यातून उघडी, उन्हात भाजणारी जमीन हवेच्या सरासरीहूनही काहीशी उष्ण असते. नळीवरची जागा झाडांच्या छायेत वा घराखाली असेल, माती ओलसर असेल, तर मे महिन्यात तिच्याभोवती साडेएकोणतीस अंश मिळतील असे धरावे. दुपारी ३८ अंशांची हवा अशा नळीतून आली तर ती तीस-साडेतीस अंशांवर बाहेर पडेल, आणि हा फरक अंगाला निश्चित जाणवेल. पण रात्री बाहेरची हवा अठ्ठावीस अंशांवर उतरली की तीच नळी घरात बाहेरच्यापेक्षा किंचित उष्ण वारा आणू लागेल. तेव्हा नळीचा पंखा बंद करून खिडक्या उघडणे हेच शहाणपण. डिसेंबर-जानेवारीत तिचा काहीच उपयोग नाही. उत्तरेकडे जी नळी हिवाळ्यात ऊब देऊन खर्च फेडते, तिचे ते अर्धे उत्पन्न चेन्नईत बुडीतच समजावयाचे.

दमटपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चेन्नईच्या उन्हाळी हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आगेमागे असतो, म्हणजे नळीची भिंत तितकी गार झाली तरच हवेतील बाष्प तिच्यावर पाणी होऊन साचेल. साडेएकोणतीस अंशांच्या भिंतीवर ते साचत नाही. हवा थंड होते पण कोरडी होत नाही. परिणामी बाहेर ४८ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली ३८ अंशांची हवा घरात येते ती ३० अंशांवर आणि ७५ टक्के आर्द्रतेने, आणि छताचा पंखा चालू नसेल तर ती ३० अंशांची हवाही घाम सुकू देत नाही. नळीत बुरशी वाढण्याचा धोका या शुष्क भिंतींमुळे कमी होतो, हा त्यातला चांगला भाग; संपत मात्र नाही.

किती गारवा मिळतो, याचे मोजमाप करू. १५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला दोन मीटर वेगाने हवा वाहिली, तर तासाला सुमारे १२५ घनमीटर हवा घरात येते, आणि ती सात अंशांनी गार झाली तर २९० वॅट उष्णता जमिनीत सोडली जाते. वातानुकूलन यंत्र 'टना'त मोजतात. एक टन म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना शोषली जाणारी उष्णता, सुमारे साडेतीन हजार वॅट. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १८४२ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांच्या बर्फासाठी जी गोल कोठी बांधली गेली आणि जी आज विवेकानंद इल्लम म्हणून ओळखली जाते, तिच्यात अमेरिकेच्या तळ्यांतून कापून जहाजाने आलेले बर्फ साठवले जाई. टनाच्या वरील हिशेबाने पाहता आपली नळी दिवसरात्र याच वेगाने चालली तरी दररोज जेमतेम पाऊणशे किलो बर्फाचे काम करील. एक टनी यंत्राचा हा बारावा हिस्सा आहे. खोली थंड करण्याच्या आशेने जो ती बसवील, त्याची निराशा ठरलेली आहे.

पण याच १२५ घनमीटरांकडे दुसऱ्या दृष्टीने पाहावे. एका माणसाला आरोग्यासाठी तासाला साधारण तीस घनमीटर ताजी हवा लागते. म्हणजे ही एक नळी चार माणसांच्या श्वासाची व्यवस्था करते, आणि पंधरा-वीस वॅटचा पंखा एवढ्याच खर्चात करते. आजच्या चेन्नईत मध्यमवर्गीय घरांतून भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करून झोपण्याची जी रीत पडली आहे, तीत हे यंत्र खोलीतीलच हवा पुन्हापुन्हा फिरवीत असते, बाहेरची हवा मुळीच आत घेत नाही. बारा फूट लांब-रुंद अशा फटी बुजवलेल्या खोलीत दोन माणसे झोपली, तर बाहेर दर दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असलेला कर्बद्विप्राणिद वायू तीन-चार तासांत दोन हजारांच्या पलीकडे जातो. सकाळी जड डोक्याने उठणाऱ्या माणसाने रात्रीच्या त्या बंद खोलीकडेही एकदा पाहावे. खिडकी उघडावी तर मे महिन्याच्या दुपारी अडतीस अंशांची हवा, धूळ आणि रस्त्याचा गोंगाट आत येतो. येथे नळीचे खरे काम सुरू होते: ताजी हवा ती आणते, आणि येण्यापूर्वी तिचा दाह उतरवते, म्हणजे यंत्रावरचा भारही हलका होतो.

लांबीविषयी अनेकांचा गैरसमज असतो की, जितकी लांब तितकी चांगली. वर सांगितलेल्या नळीत पहिल्या दहा मीटरांतच दोन-तृतीयांश काम उरकते, वीस मीटरांत सत्त्याऐंशी टक्के, आणि तीस मीटरांनंतर वाढवलेली नळी पंख्याला अधिक दमवण्यापलीकडे काही साधत नाही. ४० बाय ६० फुटांच्या ग्राउंडात साठ फुटांची एक बाजू आणि चाळीस फुटांची मागची बाजू मिळून तीस मीटर भरतात. सोडलेल्या मोकळ्या जागेतून काटकोनात नेलेली नळी तेवढ्यात बसते. मात्र त्याच मोकळ्या जागेवर पाण्याचा संप, शौचकूप आणि २००३ पासून तमिळनाडूत सक्तीचा झालेला पर्जन्यजलसंधारणाचा शोषखड्डा यांचाही हक्क असतो, म्हणून नकाशा आखतानाच प्रत्येकाची जागा मुक्रर करावी आणि मैलापाण्याच्या वाहिनीपासून नळी दूर ठेवावी. शोषखड्डा मात्र जवळ असला तर हितकारकच, कारण ओली माती उष्णता अधिक चांगली वाहून नेते.

चेन्नईची जमीन सर्वत्र सारखी नाही. बेसंट नगर, तिरुवान्मियूर या किनाऱ्याच्या पट्टीत वाळू आहे, वेळचेरी-पळ्ळीकरणैच्या दलदलीच्या कडेने चिकणमाती, आणि सेंट थॉमस टेकडी-पल्लावरमकडे तो चार्नोकाइट नावाचा कठीण काळपट खडक, ज्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम याच टेकडीवरून झाले. वाळूत दीड मीटरच्या पुढे खंदकाच्या भिंती ढासळतात. फळ्या-वाशांचा आधार दिल्याशिवाय मेस्त्रीने एकाही मजुराला आत उतरू देऊ नये, ही अट पैशाच्या कोणत्याही काटकसरीपेक्षा मोठी आहे. आणि त्या वाळूतच, हात-दीड हात आणखी खाली, शंखशिंपल्यांच्या चुऱ्यातून पाणी पाझरू लागते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मान्सूनमध्ये ते पाणी वर चढते, तेव्हा १५ सेंटीमीटर व्यासाची रिकामी नळी दर मीटरला सुमारे साडेसतरा किलो जोराने वर उचलली जाते; तीस मीटरांना हा जोर सव्वापाचशे किलोंवर जातो. नीट धुमसून न भरलेल्या खंदकातून नळी वर येते, सांधे सुटतात आणि पहिल्याच पावसाळ्यात ती पाण्याने भरते.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवावीत. कृष्णेच्या काठी असूनही जिच्यातून पाणी झिरपत नाही अशी माती तेथे लाभली, म्हणून जमिनीत खोदलेल्या विवरांत हळद वर्षानुवर्षे टिकत आली. आणि २००५च्या महापुराचे पाणी आत शिरले, तेव्हा अनेक पेवे निकामी झाली. जमिनीचे हे स्थैर्य पाणी बाहेर राहील तोवरच आपले असते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या ज्या वस्त्यांत घरांच्या तळमजल्यात पाणी होते, तेथे वायुनलिकेचा विचार सोडून द्यावा आणि तोच पैसा गच्चीवर पांढरा थर, भिंतींवर सावली आणि समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या यांवर खर्चावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेथे जमीन उंच आहे आणि भर पावसाळ्यातही विहिरीचे पाणी अडीच मीटरांच्या खाली राहते, तेथे काम काळजीने करावे. नळी जाड भिंतीची पीव्हीसीची असावी, सांधे रबराच्या कड्यांचे व जलाभेद्य असावेत. प्लॅस्टिक उष्णतेचे मंद वाहक असले तरी भिंत पातळ असल्याने त्याने विशेष नुकसान होत नाही, उलट काँक्रीटच्या ह्यूम पाइपांचे सांधे गळतात. दर मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार देऊन सर्वांत खालच्या टोकाला निचरा-कुंडी करावी, जिचे झाकण उघडून आत साचलेले पाणी काढता येईल आणि ब्रश फिरवून नळी धुता येईल. हवा घेणारे तोंड जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच, सावलीत, वाहनांच्या धुरापासून दूर ठेवावे. त्यावर उंदरांसाठी जाड जाळी, डासांसाठी बारीक जाळी, आणि आत धूळ गाळणारा, बदलता येणारा गाळणपट असावा. पंख्यावाचून चालेल अशी आशा धरू नये: सहा मीटर उंचीचे सौर धुराडे दहा अंशांच्या फरकावर सव्वादोन पास्कल ओढ देते, आणि या नळीला, तिच्या वळणांना व गाळणपटाला मिळून चाळीस-पन्नास पास्कल लागतात. पंख्याला तापमान पाहून चालू-बंद होणारा खटका जोडावा, म्हणजे बाहेरची हवा जमिनीहून उष्ण असेल तेव्हाच तो फिरेल.

आणि हे सर्व करण्याआधी एक परीक्षा करावी, जिला जवळजवळ खर्च नाही. मैलापूर, मांबळम येथील जुन्या घरांच्या मागीलदारी अजून विहिरी आहेत. प्लॉटाजवळच्या अशा एखाद्या विहिरीच्या मालकाची परवानगी घेऊन मे महिन्याच्या भर दुपारी तळाशी बुडवलेली बादली ओढून घ्यावी आणि पाणी तापण्यापूर्वी तीत तापमापक धरावा. विहीर नसेल तर कूपनलिकेचा पंप, पाइपात तापलेले पाणी निघून जाईपर्यंत, दहा मिनिटे चालवून मग तोच प्रयोग करावा. भूजलाचे तापमान त्या जमिनीच्या सरासरीच्या अगदी जवळ असते. पारा एकोणतीसच्या आत राहिला, तर खंदकाची आखणी करण्यास हरकत नाही. एकतीस दाखवू लागला, तर नळीवरच्या जागेत आधी करंजाची वा कडुलिंबाची रोपे लावावीत आणि त्यांची सावली पडू लागल्यावर पुन्हा एकदा बादली ओढावी.