प्रश्नपरीक्षेच्या आधीची परीक्षा : वृद्ध रुग्णांचे दृष्टी व श्रवण



दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्या चिकित्सेचा पाया आहे. त्यातील प्रश्नपरीक्षा रुग्णाच्या कानांवर अवलंबून असते, ही साधी गोष्ट मात्र आपल्या ध्यानात क्वचितच येते. आपण विचारलेला प्रश्न रुग्णाला ऐकूच गेला नाही, तर त्याच्या उत्तरावर उभारलेले निदान कशावर उभे आहे? आणि आपण लिहून दिलेली मात्रा त्याला वाचताच आली नाही, तर उत्तम चिकित्सेचाही उपयोग काय?

अष्टविध परीक्षेत शब्द आणि दृक् यांचा समावेश आहे; परंतु तेथे वैद्य रुग्णाचा आवाज ऐकतो व डोळ्यांचे स्वरूप पाहतो. रुग्णाला किती ऐकू येते आणि किती दिसते, याचे मोजमाप त्यात होत नाही. ते कसे करावे, याचे सूत्र चरकांनी विमानस्थानात दिलेले आहे. अग्नीचे अनुमान पचनशक्तीवरून, बलाचे अनुमान व्यायामशक्तीवरून, तसे श्रोत्रादी इंद्रियांचे अनुमान ती आपापले विषय कितपत ग्रहण करतात यावरून करावे, असा त्याचा आशय आहे. आजच्या भाषेत यालाच आपण चाचणी म्हणतो. पुढे सांगितलेली पद्धत त्यामुळे आपल्या शास्त्राला परकी नाही.

आमच्याकडून झालेली चूक

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या घरातील एक गृहस्थ अनेक वर्षे संधिवातासाठी आमच्याकडे येत असत. २०२० च्या अखेरीस त्यांच्या सूनबाई त्यांना घेऊन आल्या. "आबांचे हल्ली लक्ष राहत नाही, विचारावे एक आणि सांगतात भलतेच," अशी त्यांची तक्रार होती. आम्ही प्रश्न विचारले. भूक कशी आहे असे विचारता ते गुडघ्याबद्दल बोलले. झोपेविषयी विचारता नुसते "हो, हो" म्हणाले. आम्ही स्मृतिभ्रंशाचे अनुमान केले आणि ब्राह्मीघृत व सारस्वतारिष्ट सुरू केले. पाच महिने हे चालले. गुण आला नाही. आबा अधिकच अबोल झाले आणि घरातील व्यवहार त्यांना न विचारता होऊ लागले.

पुढे एके दिवशी टेबलावर काचेचा आडपडदा बसविल्यानंतर आम्ही मुखपट्टी खाली घेऊन बोललो. आबांनी प्रत्येक प्रश्नाचे नेमके उत्तर दिले. आम्ही थक्क झालो. त्यांची स्मृती शाबूत होती. श्रवण कित्येक वर्षांपासून मंद होत आलेले होते आणि ते ओठांच्या हालचालीवरून बोलणे जुळवून घेत होते. करोनाच्या काळात सर्वांचे ओठ झाकले गेले आणि त्यांचा तो आधार तुटला. कान तपासले असते, तर पहिल्याच भेटीत हे उमगले असते. पाच महिने एका शहाण्या माणसाला आम्ही विसराळू ठरवले, याची खंत आजही आहे.

प्रश्न किती मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढील २५ टक्क्यांहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारे श्रवणदौर्बल्य असते. आपल्या देशातील २०१५ ते २०१९ या कालावधीतील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्यातील सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होऊ शकणारे होते. लॅन्सेट नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली. श्रवणदोष त्या यादीत आधीपासून होताच. उपचार न केलेला दृष्टिदोष त्या वर्षी नव्याने समाविष्ट झाला.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयीच्या कृतिदलाने २०२१ मध्ये श्रवणाबाबत आणि २०२२ मध्ये दृष्टीबाबत असे मत दिले, की कोणतीही तक्रार नसलेल्या वृद्धांची सरसकट तपासणी करण्याचे लाभ व तोटे ठरविण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे. पुरावा अपुरा असणे आणि तपासणी निरुपयोगी असणे यांत अंतर आहे. तरीही त्यातून एक बोध घ्यावा : केवळ तपासून काही साधत नाही. चष्मा, शस्त्रक्रिया किंवा श्रवणयंत्र यांपर्यंत रुग्ण पोहोचला, तरच तपासणीचे सार्थक होते. शिवाय आपले वृद्ध रुग्ण तक्रार नसलेले नसतात. "वयोमानाने असे व्हायचेच," असे म्हणून ते तक्रार करीत नाहीत, इतकेच.

दृष्टीची तपासणी

यासाठी सहा मीटर अंतरावर लावावयाचा तक्ता पुरेसा आहे. जागा लहान असल्यास तीन मीटरचा तक्ता मिळतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी तीन दातांच्या आकृतीचा तक्ता घ्यावा व दात कोणत्या दिशेला आहेत ते हाताने दाखवावयास सांगावे. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच तपासावे.

प्रत्येक डोळा स्वतंत्र तपासणे अत्यावश्यक आहे. एका डोळ्याची दृष्टी गेली तरी दुसऱ्यावर निभावते आणि रुग्णाला वर्षानुवर्षे कळत नाही. ६/१८ ची ओळ वाचता आली नाही, तर जाड पुठ्ठ्याला पाडलेल्या मिलिमीटरभर छिद्रातून पाहण्यास सांगावे. छिद्रातून दृष्टी सुधारली, तर बहुधा चष्म्याचा प्रश्न असतो. सुधारली नाही, तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा अन्य विकाराचा संशय धरून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. शेवटी हातात औषधाची बाटली देऊन तिच्यावरील मजकूर वाचण्यास सांगावे. जवळच्या दृष्टीची याहून व्यवहारोपयोगी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. ग्रंथोक्त 'काच' आणि व्यवहारातील 'काचबिंदू' एक नव्हेत. काच ही तिमिराची पुढची अवस्था आहे. काचबिंदूत प्रायः बाजूची दृष्टी आधी जाते आणि समोरची दृष्टी दीर्घकाळ उत्तम राहते. म्हणून तक्त्यावरील ६/६ ही नोंद काचबिंदू नसल्याची ग्वाही देत नाही. कुटुंबात तो असल्यास नेत्रदाब तपासून घ्यावा. दुसरे असे, की प्रमेही रुग्णाचे दृष्टिपटल वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून तपासलेच पाहिजे, मग त्याला कितीही स्पष्ट दिसत असो.

मोतीबिंदूच्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी पाठविण्यात काहींना कमीपणा वाटतो. कफज लिंगनाशात शलाकेने वेध करण्याचा उपदेश स्वतः सुश्रुतांनी केला आहे, हे त्यांनी आठवावे. पक्व मोतीबिंदूवर थेंब घालीत बसणे हे सुश्रुतांच्या परंपरेस धरून नाही.

श्रवणाची तपासणी

प्रथम कानात मळ साचला आहे काय ते पाहावे. कित्येकांचे 'बाधिर्य' मळ काढताच दूर होते. त्यानंतर कुजबुज-चाचणी घ्यावी. रुग्णाच्या मागे एक हात अंतरावर उभे राहावे, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत. ज्या बाजूची तपासणी करावयाची नाही, त्या कानाच्या छिद्रापुढील कूर्चा बोटाने हलकी दाबून चोळत राहावी. पूर्ण श्वास सोडून मग कुजबुजत्या स्वरात तीन अक्षरे-अंक उच्चारावेत. जसे 'पाच – म – सात'. तिन्ही बरोबर सांगितले तर तो कान उत्तीर्ण. चुकल्यास दुसरा संच उच्चारावा. एकूण सहांपैकी तीनही बरोबर आले नाहीत, तर श्रवणमापनासाठी पाठवावे. मग दुसरा कान. यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

वार्धक्यजन्य श्रवणदोषात उच्च स्वर आधी जातात. त्यामुळे स, श, थ, फ यांसारखे वर्ण निसटतात आणि रुग्ण म्हणतो, "ऐकू येते, पण कळत नाही." अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोलावे. सांगितलेले त्याच्याकडून वदवून घ्यावे. "हो" या उत्तरावर विसंबू नये.

कर्णपूरण करण्यापूर्वी कर्णपटल अखंड असल्याची खात्री करावी. कानातून स्राव असताना किंवा पडद्यास छिद्र असताना तेल घालू नये.

त्वरित पाठवावयाचे रुग्ण

दृष्टी अकस्मात गेली. डोळा लाल होऊन तीव्र वेदना, वांती व दिव्याभोवती रंगीत वलये. डोळ्यांपुढे अचानक ठिणग्या वा पडदा. एका वा दोन्ही कानांचे श्रवण एक-दोन दिवसांत नाहीसे झाले. एकाच कानात वाढता नाद वा बधिरता. अशा रुग्णांना त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. अकस्मात आलेल्या बधिरतेत उपचारांचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो. ते दिवस आपल्या बिंदूतैलात दवडणे हा अपराध ठरेल.

औषधालय-मालकांना विनंती

आमच्याच औषधालयातील प्रसंग सांगतो. एका आजींना नेत्रबिंदू व कर्णतैल एकाच वेळी दिले होते. दोन्ही बाटल्या सारख्याच आकाराच्या, चिठ्ठ्या बारीक अक्षरांच्या. आजींनी तेल डोळ्यांत घातले. सुदैवाने शेजारणीने तत्काळ स्वच्छ पाण्याने डोळे धुतले व नेत्रतज्ज्ञांनी इजा नसल्याचे सांगितले. त्या दिवसापासून आम्ही कानाच्या बाटलीला गळ्याशी जाड दोरा बांधतो आणि चिठ्ठीवर 'कान' किंवा 'डोळा' असा एकच शब्द ठळक लिहितो. मात्रा सांगताना चमचा हातात धरून दाखवितो.

ज्यांच्या दुकानात ॲलोपॅथिक औषधेही असतात, त्यांनी स्टेरॉइडयुक्त नेत्रबिंदू चिठ्ठीविना देऊ नयेत. ते दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. तसेच कानांना बाधक ठरू शकणारी काही प्रतिजैविके व मूत्रल औषधे रुग्ण घेत आहे काय, हे वैद्यांनी अवश्य विचारावे.

पुढे काय

शासकीय रुग्णालयांत राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. श्रवणासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २०१७ मध्ये केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना व २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. चष्मा व श्रवणयंत्र यांसाठी गरजू वृद्धांना साहाय्य हा त्यांचा हेतू आहे. पात्रतेचे चालू नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावेत व एका कागदावर लिहून दवाखान्यात लावावेत.

साठीपुढील प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा ही तपासणी करावी आणि नोंद रुग्णपत्रिकेवर नाडीच्या शेजारी लिहावी, असा आमचा आग्रह आहे. मदतनीसाला शिकविल्यास तो हे काम उत्तम करतो. पाठविलेला रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोहोचला की नाही, हे पुढच्या भेटीत विचारण्याचे काम मात्र वैद्याचेच.

आबांना पुढे श्रवणयंत्र मिळाले. पहिले काही आठवडे ते कुरकुरले, मग सरावले. परवा आम्ही त्यांना मात्रा सांगताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल केली. "वैद्यराज, मागच्या वेळी उलट सांगितले होते," असे म्हणून त्यांनी आमची चूक दुरुस्त केली.