दोष आईचा नाही!

डाऊन सिंड्रोम असलेलं मूल जन्माला आलं की घरात पहिला प्रश्न कुणाला? आईला! ग्रहणात भाजी चिरलीस का? काय खाल्लंस? समाजकार्याच्या निमित्ताने अशा आया भेटतात, तेव्हा हेच ऐकायला मिळतं. मी कला शाखेची, तरी यामागचं विज्ञान वाचलं आणि वाटलं, हे प्रत्येक सासू-सुनेला कळायलाच हवं.

मैत्रिणींनो, आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. पेशीचे दोन भाग होण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब जोड तयार होते. ही जोड वेळेआधी सुटू नये म्हणून कोहेसिन नावाची प्रथिनं तिला बांधून ठेवतात, अगदी बांगडीत दोन दोरे ओवावेत तशी. वेळ आली की सेपरेज नावाचं प्रथिन ही बांगडी तोडतं आणि दोन्हीकडे सारखी वाटणी होते. बांगडी आधीच तुटू नये म्हणून पहाऱ्यालाही एक प्रथिन असतं. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये त्याला नाव दिलं शुगोशिन. आपल्या कोकणातला राखणदारच म्हणा ना!

आता खरी गोष्ट. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची स्त्रीबीजं तयार होतात. तेव्हाच या बांगड्याही बसतात. पुढचं विभाजन मात्र कित्येक वर्षं थांबून राहतं. म्हणजे चाळिशीतल्या बाईच्या स्त्रीबीजातली बांगडी तिच्याच वयाची! उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की वयाबरोबर या बांगड्या कमी होतात आणि नव्या भरल्या जात नाहीत. बंध सैल झाला की वाटणी चुकते, आणि बाळाला एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन मिळतात. पंचविशीत ही शक्यता साधारण १,२०० बाळांत एक, पस्तिशीत ३५० त एक, तर चाळिशीत १०० त एक. तरुण आयांनाही अशी मुलं होतात, आणि कधी कधी ही चूक पुरुषबीजातही होते.

यात ग्रहण कुठे आलं? पपई कुठे आली? जन्माआधी बसलेली बांगडी झिजली, तर त्यात बाईचा काय गुन्हा?

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारा. असं बाळ जन्मलं, तर त्याचं हृदय जरूर तपासून घ्या, कारण जवळजवळ निम्म्या बाळांत हृदयाचा दोष आढळतो. आणि त्याच्या आईला बोल लावू नका. तिला आधाराची गरज आहे, उलटतपासणीची नव्हे.