हद्दीपलीकडची बाळंतीण

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या फलाटावर एक बाक नेमकं हद्दीवर येतं. त्यावर शेजारी बसलेली दोन माणसं दोन राज्यांत असतात, आणि हौशी प्रवासी तिथे आवर्जून फोटो काढून घेतात. गंमत म्हणून हे ठीक. पण सहाव्या महिन्यातली एखादी बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला बारडोलीकडे निघते, तेव्हा याच रेषेची गंमत संपते. अलीकडे तिचं नाव आशाताईच्या वहीत असतं, वजन अंगणवाडीच्या नोंदीत असतं, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख उपकेंद्रात असते. पलीकडे ती अर्धा कोयता असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, असा हिशेब आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत होती आणि त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी होते: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी. नकाशा पाहिला तर पश्चिमेला आणि उत्तरेला गुजरात, ईशान्येला मध्य प्रदेश. अक्कलकुव्याहून सागबारा जवळ, शहाद्याहून खेतिया जवळ. बाजार, सोयरीक, मजुरी, देवदेव सगळं हद्दीच्या आरपार चालतं. एवढ्या माणसांच्या रोजच्या ये-जामध्ये हद्द पाळतं ते फक्त सरकारी रजिस्टर.

हा जिल्हा सरकारचं लक्ष नसल्यामुळे मागे राहिला असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. १९९५ पासून नवसंजीवनी योजना आहे. पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यांवर आधीच धान्य आणि औषधं पोचवणं, भरारी पथकं फिरवणं, दाईंच्या बैठका घेणं, हे सारं तिच्यात येतं. २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली आणि शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतीला व स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस ताट मिळू लागलं. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ उभं राहिलं, म्हणजे कळा सुरू होण्याआधी चार दिवस येऊन राहण्याची सोय. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत राज्यातले जे चार जिल्हे घेतले, त्यांत नंदुरबार आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२० मध्ये सुरू झालं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. राज्यात दवाखान्यातल्या बाळंतपणाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात गेलं असताना नंदुरबार बराच मागे आहे.

याचं पहिलं कारण डोळ्यांना दिसतं: सातपुडा. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत पाडे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले आहेत. पक्की सडक जिथे संपते तिथून बांबूला चादर बांधून केलेली झोळी आणि आळीपाळीने खांदा देणारे चौघे. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा पायी निघाला आणि वाटेतच ती दगावली. ही बातमी राज्यभर गाजली. ती बाई गरोदर नव्हती. पण अडलेल्या बाळंतिणीसाठीही घाट तोच आहे.

त्यात नर्मदेचं पाणी. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच पूर्ण भरला, आणि काठावर उरलेल्या वस्त्यांना नाव हाच रस्ता राहिला. तिथे तरंगता दवाखाना जातो. कोविडच्या साथीत लसही याच बोटींनी गेली. बोटीतून जाणारी नर्स आणि पाठीवर लसीची पेटी घेऊन डोंगर चढणारी नर्स यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण बोट ठरल्या दिवशी येते, आणि कळा काही वार पाहून येत नाहीत. शिवाय मणिबेलीसारख्या गावाला पाण्यावरून गुजरातचा काठ जवळ पडतो. अशा गावातल्या बाईला कोणत्या दवाखान्यात न्यायचं हे पाण्यानेच ठरवून टाकलेलं आहे. दोन्ही राज्यांनी ते कागदावर मान्य करायला हवं: तिची कार्डावरची नोंद, रक्तगटाची माहिती, जननी सुरक्षेचे पैसे आणि परतीची गाडी यांसह.

दुसरं कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण ते माणसांच्या नसण्यातच आहे. पावसाळ्यात घरातलं धान्य सरतं. नेमकं तेव्हाच मुकादम उचल देतो. दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात आणि दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात, बारडोली, मढी, चलथाण या सहकारी कारखान्यांच्या शिवारात, पडाव पडतात. हे आजचं नाही. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी बारडोली भागात खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांवर १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. सहकाराचं कौतुक होत असताना तो सहकार कुणाच्या पाठीवर उभा आहे, हा त्यांचा प्रश्न होता. पन्नास वर्षांनीही पडाव प्लास्टिकच्या कापडाचेच आहेत.

उचल फेडायची तर टनामागे मोजलेला ऊस तोडावा लागतो. बायको थांबली तर कोयता मोडतो. म्हणून नवव्या महिन्यातही मोळ्या उचलल्या जातात आणि बाळंत झाल्यावर ओली बाळंतीण आठ-दहा दिवसांत फडात दिसते. आता लसीकरणाचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जन्मलेल्या बाळाला बीसीजी जन्मतःच, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट. म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत पहिल्या सगळ्या मात्रा देय होतात, आणि कुटुंब परत येतं होळीला. काठीची राजवाडी होळी आणि भोंगऱ्याचे बाजार यांच्या ओढीने सातपुड्याचा माणूस जिथे असेल तिथून निघतो. तोवर बाळाच्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक महिने उसाच्या पाचटात गेलेले असतात.

त्या महिन्यांचं मोल किती, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे देशाने तीच पद्धत आशांमार्फत स्वीकारली. घरी जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सात गृहभेटी, दवाखान्यात जन्मलेल्याला सहा. पण पडावात जन्मलेल्या बाळाचं घर कोणतं? धडगावची आशा तिथे नाही. बारडोलीच्या आशेला मानधन तिच्या गावच्या बाळांसाठी मिळतं, आणि पडाव गावाबाहेर, फडाच्या कडेला.

यावर काहीच झालं नाही असं नाही. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने २०२१-२२ मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी ॲपची पद्धत ज्या जिल्ह्यांत आधी करून पाहिली, त्यांत नंदुरबार होता. अंगणवाडी सेविकेने कुटुंब निघताना नोंद करायची आणि पोचेल तिथल्या सेविकेने त्यांना सामावून घ्यायचं. कल्पना उत्तम आहे. मात्र ॲप महाराष्ट्राचं आणि नंदुरबारचा ऊसतोड मजूर जातो गुजरातेत. तिथे गर्भवतींच्या नोंदीसाठी २०१० पासून ‘ई-ममता’ आहे, पुढे ‘टेको’ आलं. केंद्राच्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थीची सोय आहे हे खरं, पण त्यासाठी आईला त्या गावची अंगणवाडी शोधत जावं लागतं, तेही दिवसाउजेडी, फड सोडून.

गंमत पाहा. ‘टेको’चं मूळ आपल्या शेजारच्या डोंगरातलंच आहे. भरूच जिल्ह्यात झगडियाला १९८० पासून काम करणाऱ्या ‘सेवा रूरल’ने आशांसाठी ‘इम्टेको’ नावाची मोबाइल पद्धत घडवली आणि भरूच व नर्मदा जिल्ह्यांच्या आदिवासी भागात ती शास्त्रशुद्ध चाचणीने तपासली. गृहभेटी वाढल्या, आजारी बाळ लवकर हेरलं जाऊ लागलं. हा नर्मदा जिल्हा म्हणजे अक्कलकुव्याचा सख्खा शेजारी. भिलीच्याच बोली, तोच डोंगर, कुपोषणाचं आणि सिकलसेलचं तेच दुखणं. नंदुरबारने शिकायला लांब कशाला जावं?

अर्थात शेजाऱ्याचं सगळंच उचलू नये. गुजरातने २००५ च्या अखेरीस चिरंजीवी योजना काढली. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना सरकारने पैसे द्यायचे आणि गरीब बाईचं बाळंतपण मोफत व्हायचं, अशी ती भागीदारी. तिचा देशभर उदोउदो झाला. नंतरच्या स्वतंत्र अभ्यासात दवाखान्यातली बाळंतपणं तिच्यामुळे वाढल्याचं काही दिसलं नाही. माझ्या मते नंदुरबारात ती चाललीही नसती. मोलगी-धडगावच्या डोंगरात खासगी स्त्रीरोगतज्ज्ञच मुळात किती असणार? इथे भागीदार निवडायचे तर ते वेगळे. आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल यांच्या गटाने बाळाला छातीशी नेमकं कसं धरायचं, वरचं अन्न कोणतं द्यायचं, याचं बारकाईचं प्रशिक्षण नंदुरबारात दिलं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. दाई हाही असाच भागीदार. ती आज बाळंतपण करत नसली तरी बाई तिचं ऐकून माहेरघरात येते. नर्स प्रमाण मराठीत बोलते आणि सासू पावरीत उत्तर देते, तिथे दाईवाचून पान हलत नाही.

सिकलसेलची गोष्ट तर जिवाशी आलेली. हा आजार असलेल्या गर्भवतीला रक्त लागण्याची, अचानक वेदनांचा झटका येण्याची जोखीम मोठी. तिचा तपासणीचा अहवाल तळोद्याच्या कपाटात आणि ती मढीच्या फडात, असं झालं तर तिथल्या डॉक्टरला फक्त फिकट पडलेली एक मजूर बाई दिसते. तो लोहाच्या गोळ्या देऊन मोकळा होईल. माता-बाल कार्डाच्या पहिल्या पानावर गुजरातीतही वाचता येईल असा एक शिक्का मारायला किती खर्च येतो?

पण शिक्का मारायचा तर ती जाणार हे निघण्याआधी कळायला हवं. दोन्ही राज्यांत खरी असलेली एकच यादी आज अस्तित्वात आहे, ती मुकादमाच्या वहीत. कोणत्या पाड्यावरचे किती कोयते, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात, उचल किती. उचल आषाढ-श्रावणात वाटली जाते, ट्रक दिवाळीनंतर निघतात. मधले तीन महिने नंदुरबारच्या आरोग्य विभागाच्या हातात असतात. कारखान्यांनी गटवार यादी सप्टेंबरातच दोन्ही जिल्हा परिषदांना द्यावी, अशी अट ऊसतोडीच्या करारात घालता येते. टनाचा हिशेब पैशापर्यंत ठेवणाऱ्या कारखान्याला ते अवघड नाही. त्या यादीतल्या गर्भवती वेगळ्या काढून सुरत आणि तापी जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांना ऑक्टोबरात कळवायच्या, आणि पडावावर जाणाऱ्या आशेला त्या प्रत्येक भेटीचे पैसे कोणत्या राज्याने द्यायचे ते आधी ठरवायचं. एवढी एक ओळ दोन्ही आरोग्य खात्यांच्या सह्यांनी अजून कागदावर यायची आहे.